वाईत राहायला आलात? आधी आपला घाट ठरवा

वाईत बिऱ्हाड टाकलं त्या आठवड्यात तीन माणसांनी मला एकच प्रश्न विचारला. किराणा दुकानदाराने, दूध घालणाऱ्या दादांनी आणि समोरच्या वाड्यातल्या काकूंनी. "तुम्ही कुठल्या आळीत?" मी इमारतीचं नाव सांगितलं, मजला सांगितला. कोणालाच काही बोध झाला नाही. शेवटी काकूंनी विचारलं, "अहो, पण घाट कुठला लागतो तुम्हाला?"

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आता गावाच्या कडेने नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. पुण्याहून निवृत्त झालेली जोडपी, घरून काम करणारी तरुण मुलं, बदली होऊन आलेले नोकरदार, सगळे येताहेत. हवा चांगली, पाणी चांगलं, सुरूर फाट्यावरून वळलं की दहा-पंधरा मिनिटांत घरी. पण यातले कितीतरी जण पाच-सहा वर्षं वाईत राहतात आणि शनिवार उजाडला की पुण्याला पळतात. गावात त्यांचं कोणी नसतं. हे पाहून मला वाईट वाटतं, कारण या गावात माणूस जोडणं अवघड नाही, फक्त त्याची वाट कुठून जाते हे कोणी सांगत नाही. ती वाट घाटावरून जाते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पहिला आठवडा: सातही घाट पायी फिरा

आधी शब्दाचा घोळ मिटवते. वाईत 'घाट' तीन अर्थांनी कानावर येतो. कोकणातला पाहुणा 'घाटावर' म्हणतो तेव्हा त्याला सह्याद्रीच्या वरचा अख्खा देश म्हणायचा असतो. रिक्षावाला 'घाटात गर्दी आहे' म्हणाला तर तो पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटाविषयी बोलतो. आणि शेजारीण 'घाटावर जाऊन येते' म्हणाली तर ती कृष्णेच्या काठी, दगडी पायऱ्यांवर निघालेली असते. या लेखातला घाट हा तिसरा.

वाईत असे सात घाट मानतात: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड आळी. ही नावं नुसत्या पायऱ्यांची नाहीत. त्या-त्या घाटामागची वस्ती, तिथली देवळं, तिथली मंडळी, तिथला उत्सव, सगळं त्या एका नावात येतं.

सकाळी सहाच्या सुमारास निघा. गाडी घरी ठेवा, चपला अशा घाला की पटकन काढता येतील. एका टोकाला सुरुवात करून काठाकाठाने चालत राहा. काही ठिकाणी वाट तुटते, तिथे आळीतून आत शिरून पुन्हा नदीवर उतरायचं. कुठे कोणी पोहून अंग पुसत असतं, कुठे धुणं चाललेलं असतं, कुठे एखादे आजोबा सूर्याला अर्घ्य देत असतात. पहिल्या दिवशी कोणाशी बोलायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा दिसलात की मान हलवतात. चौथ्या दिवशी विचारतात, "नवीन का?" इथून पुढचं आपोआप होतं, पण त्यासाठी वेळ रोज तीच हवी.

घरापासून जवळचा किंवा मनाला भावलेला, कोणताही एक घाट आपला म्हणा. तुम्ही नदीपलीकडे सिद्धनाथवाडीला राहत असाल, सोनगीरवाडी किंवा यशवंतनगरला राहत असाल, तरी हरकत नाही. माझं घर एका आळीत आणि रोजचं जाणं दुसऱ्या घाटावर, असं पहिली दोन वर्षं चाललं होतं. कोणी त्यावरून मला अडवलं नाही.

ढोल्या गणपतीला पुढून नमस्कार करा, मग मागे जा

गणपती आळीच्या घाटावरचा ढोल्या गणपती सगळ्यांना माहीत असतो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ 1762 साली बांधलं. मूर्ती एकाच काळ्या दगडातली, आणि इतकी भव्य की गाभाऱ्यात उभं राहिलं तर मान वर करूनच पाहावं लागतं. पाहुणे दर्शन घेतात, फोटो काढतात, पेढे घेतात आणि पाचगणीला निघून जातात.

तुम्ही आता इथले आहात, म्हणून तुम्ही देवळाच्या मागे जा. मागची भिंत सपाट नाही. ती दोन्ही बाजूंनी निमुळती होत मध्ये एका धारेला येते, माशाच्या तोंडासारखी. पूर आला की पाण्याचा लोंढा त्या धारेवर फुटतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो, भिंतीवर थेट आदळत नाही. हात लावून बघा. दगड कसे एकमेकांत बसवलेत, सांधे किती बारीक आहेत. अडीचशेहून जास्त पावसाळे त्या भिंतीने अंगावर घेतले आहेत. माझ्याकडे पाहुणे आले की मी त्यांना आधी इथे आणते, मग पुढे दर्शनाला. या गावाला नदीचं प्रेम आहे तसा नदीचा धाकही आहे, हे या एका भिंतीवरून जेवढं कळतं तेवढं दहा माणसांनी सांगूनही कळत नाही.

शेजारचं काशीविश्वेश्वराचं देऊळ आनंदराव भिकाजी रास्ते यांचं, 1757 सालचं. तिथल्या नंदीजवळ थोडा वेळ बसा. रास्ते हे नाव वाईत तुम्हाला पावलोपावली भेटेल. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या याच रास्ते घराण्यातल्या. पेशव्यांशी सोयरीक, हाताशी सरदारकी आणि काठावर काळा दगड, या तिन्हींतून आजची घाटांची आणि देवळांची वाई उभी राहिली.

पहिलं वर्ष: कृष्णामाईच्या उत्सवात हात घाला

माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला हा. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, पण हे चुकवू नका.

थंडी उतरणीला लागली की माघापासून फाल्गुनापर्यंत वाईत कृष्णामाईचा उत्सव चालतो. एका घाटाचा झाला की दुसऱ्याचा. प्रत्येक घाटाचे दिवस ठरलेले, मांडव वेगळा, मंडळी वेगळी. नदी हीच देवी. तिची मूर्ती वाजतगाजत मांडवात आणतात, पूजा होते, कीर्तनं होतात, भजनं होतात, गाण्याचे कार्यक्रम होतात, बायका ओटी भरायला येतात आणि एक दिवस महाप्रसाद असतो. उत्सवाच्या जन्माची गोष्ट म्हातारी माणसं अशी सांगतात: अफझलखान वाईत तळ देऊन बसला होता तेव्हा इथल्या शेंडे घराण्यातल्या एका शास्त्र्यांनी कृष्णेला नवस बोलला की शिवाजी महाराजांना यश दे, तुझा उत्सव करीन. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाखाली काय झालं ते महाराष्ट्राला ठाऊक आहे. नवस फेडला गेला आणि उत्सव सुरू राहिला. गोष्ट कशीही असो, वाईकर ती मनापासून सांगतात, आणि खानाचा तळ याच गावात पडला होता हा तर इतिहासच आहे. वाई हा त्याचाच सुभा होता.

आता नव्या माणसाने काय करायचं ते क्रमाने सांगते.

उत्सवाच्या आधी पंधरा-वीस दिवस मंडळी वर्गणीला येतात. दारातूनच पैसे देऊन पाठवू नका. आत बोलवा, चहा टाका. पावती घ्या आणि पावतीवर नाव नीट लिहून घ्या, कारण पुढच्या वर्षी त्याच वहीतून तुमचं नाव निघतं. रक्कम किती हे विचारायला लाजू नका. "साधारण काय देतात सगळे?" एवढं विचारलं की खरा आकडा सांगतात. मग म्हणा, "मला काही काम असेल तर सांगा." हे वाक्य महत्त्वाचं आहे. वर्गणी देणारे पुष्कळ असतात. हाताला हात लावणारे दरवर्षी कमी पडतात.

काम मिळेल ते साधंच असेल. मला पहिल्या वर्षी भाजी निवडायला बसवलं होतं. मांडवाच्या मागे ताडपत्रीवर आम्ही दहा-बारा बायका गोल करून बसलो होतो, मध्ये वांग्यांचा ढीग, बाजूला पाण्याची पिंपं. माझ्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या होत्या. विळीवर त्यांचा हात असा चालत होता की बघत राहावं. त्या दोन तासांत मला कळलं की आमच्या इमारतीच्या जागी कोणाचा वाडा होता, त्या वाड्यातली विहीर कुठे होती, त्या वाड्यातल्या मुलीचं लग्न कोणत्या पुराच्या वर्षी झालं. मी काहीही विचारलं नव्हतं. वांगी चिरता चिरता हे सगळं माझ्या पदरात पडलं.

पुरुषांनी आणि तरुण मुलांनी वाढप मागून घ्यावं. पंगतीत वाढायला उतरलात की एका संध्याकाळी अख्खी आळी तुम्हाला पाहते. काही रीती आधी माहीत असाव्यात. डोकं झाकायला रुमाल किंवा टोपी न्या. पंगतीत वाकून वाढा, पानापासून हात उंच धरून ओतू नका. मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे, ती जागा चुकवली तर कोणी रागावत नाही, पण जाणती माणसं टिपतात. "बास" म्हटलं तरी आमटीचा एक डाव जास्त पडलाच पाहिजे, हा आग्रहाचा भाग आहे. आणि वाढपी शेवटच्या पंगतीला बसतात. त्या पंगतीला थांबाच. घाईने घरी जाऊ नका. खऱ्या ओळखी त्या शेवटच्या पंगतीत होतात, जेव्हा सगळे दमलेले असतात आणि कोणीतरी मोठ्याने नाव घेऊन विचारतं, "अजून भात हवा का?"

बाहेरच्या बाईला मांडवात काय वाटेल याचा संकोच मला होता. हळदीकुंकवाला बोलावतील का, ओटी भरू देतील का. सगळं झालं. नारळ, खण, तांदूळ घेऊन गेले आणि रांगेत उभी राहिले. पुढच्या बाईंनी माझा पदर सारखा केला आणि कुठे वाकायचं ते सांगितलं. एक विनंती मात्र आहे. ओटीचं सामान, हार, प्लॅस्टिकच्या पिशव्या नदीत सोडू नका. सकाळी झाडू घेऊन पायऱ्यांवर उतरणारी माणसं या गावात आहेत, आपण टाकलेलं ती उचलतात. त्यांच्यात एखाद्या दिवशी सामील झालात तर फारच उत्तम.

वाचणाऱ्यांसाठी आणि ऐकणाऱ्यांसाठी

उत्सव, देवदर्शन यांत ज्यांचं मन रमत नाही त्यांनी घाबरायचं कारण नाही. वाईचा दुसरा चेहरा पुस्तकांचा आहे, आणि माझ्या मते इतक्या छोट्या गावाला तो क्वचितच लाभतो.

मराठी विश्वकोशाचं काम इथून चालत आलं आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याचे पहिले प्रमुख संपादक. ते मूळचे धुळ्याकडच्या पिंपळनेरचे. लहान वयात वाईला प्राज्ञपाठशाळेत शिकायला आले आणि इथलेच झाले. विश्वकोशाचा पहिला खंड 1976 साली आला. वीस खंडांचं ते काम मुंबई-पुण्याला न होता कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात झालं, याचा वाईकरांना सार्थ अभिमान आहे. पुढे मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव यांच्यासारखी विद्वान माणसं याच कामासाठी इथे राहिली. भाजी मंडईत पिशवी घेऊन उभे असलेले हे लोक ज्यांनी पाहिले आहेत, अशी माणसं अजून गावात भेटतात. त्यांना बोलतं करा.

प्राज्ञपाठशाळा उभी केली ती नारायणशास्त्री मराठे यांनी, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती. विनोबा भावे 1917 च्या सुमारास गांधीजींकडून रजा घेऊन इथे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायला आले होते. शिकता शिकता त्यांनी विद्यार्थ्यांचं मंडळ काढलं, वाचनालय सुरू केलं, आणि त्यासाठी पैसा उभा केला तो जात्यावर लोकांचं दळण दळून. मला ही हकीकत फार आवडते. बाहेरून आलेला एक तरुण, गावात एक वर्षही राहणार नाही, आणि तरी वाचनालयासाठी जातं ओढतो.

तुम्ही काय करायचं? लोकमान्य टिळक स्मारक संस्थेच्या ग्रंथालयाचे सभासद व्हा. पहिल्या महिन्यातच व्हा. वाचन नसलं तरी वर्तमानपत्र चाळायला जाऊन बसा, तीच माणसं रोज भेटतात. आणि मे महिन्यात संस्थेची वसंत व्याख्यानमाला असते. शंभरी ओलांडलेली ही व्याख्यानमाला म्हणजे उन्हाळ्यातल्या संध्याकाळचा वाईचा ठरलेला कार्यक्रम. पाटीवर वक्त्याचं नाव वाचून आवडीचंच व्याख्यान निवडू नका. रोज जा. शेती, बँका, संतसाहित्य, अवकाश, काय वाट्टेल ते विषय येतात. व्याख्यान संपल्यावर लोक लगेच पांगत नाहीत, बाहेर उभे राहून वक्त्याशी वाद घालतात. त्या उभ्या-उभ्या गप्पांत माझी निम्मी मैत्री जमली आहे.

मेणवली, धोम आणि भोवतालचा तालुका

रविवारी कुठे जायचं, तर लांब नको. मेणवली तीन किलोमीटरवर आहे, चालत जाता येतं. नाना फडणवीसांचा वाडा आणि मागचा घाट तिथे आहे. वाडा खाजगी मालकीचा आहे हे लक्षात ठेवून फिरा. घाटावर एका छोट्या बांधकामात मोठी पंचधातूची घंटा टांगली आहे. तिच्यावर बाळाला कडेवर घेतलेल्या मेरीची आकृती आणि 1707 हे साल आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीज चर्चमधल्या ज्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या त्यांतली ही एक. मुलांना सोबत न्या आणि ते साल त्यांनाच शोधू द्या. घाटावर चित्रपटाचं चित्रीकरण चालू असेल तर अडवतात. मग भांडत न बसता सकाळी लवकर पुन्हा या.

धोमला धरणाच्या भिंतीकडे सगळे जातात. त्याआधी गावातल्या देवळात जा. कमळाच्या आकाराचं दगडी कुंड, त्यात कासव, आणि कासवाच्या पाठीवर नंदी बसलेला. कुंडात पाणी भरलेलं असलं की नंदी पाण्यावर तरंगतो आहे असं वाटतं.

गड चढणाऱ्यांना पांडवगड आणि वैराटगड गावातूनच दिसतात, रोज खुणावतात. पण पहिला चढायचा तो कमळगड. नांदगणेकडून वाट आहे, झाडी दाट आहे, वाट चुकते, तेव्हा माहितगार बरोबर घ्या. माथ्यावर कावेची विहीर आहे: कातळातल्या अरुंद पायऱ्या खाली खाली जातात आणि तळाला पाणी नसून ओलसर काव, म्हणजे लाल माती, असते. उन्हाळ्यातही आत गारवा असतो. बॅटरी न्या.

लोहाऱ्याची बौद्ध लेणी, भिलारचं पुस्तकांचं गाव, शाहीर साबळे यांचं जन्मगाव पसरणी, ही हळूहळू होतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये आडरस्त्याने जा, म्हणजे हळद काढण्याचा हंगाम दिसेल. शेताच्या कडेला चुलवण पेटलेलं असतं, काहिलीत हळद शिजत असते, वाफेला मातीचा आणि हळदीचा मिळून एक उग्र वास येतो. थांबलात तर शेतकरी दादा उकडलेलं हळकुंड मोडून आतला रंग दाखवतात. वर्षाची हळद तिथूनच सांगून ठेवा, वाळवून दळून घरी येते. आमच्या घरी चौदा वर्षांत दुकानातली हळद आली नाही.

बावधनचं बगाड

रंगपंचमीला वाईत गावभर शांत वाटतं, कारण सगळे बावधनला गेलेले असतात. भैरवनाथाच्या यात्रेत बगाड निघतं. दगडी चाकांचा अवजड लाकडी गाडा, त्यावर उंच खांब, खांबावर आडवं शीड, आणि शिडाच्या टोकाला नवस असलेला बगाड्या टांगलेला. होळीच्या सुमारास देवाला कौल लावून बगाड्या ठरतो. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून गावापर्यंत शेताशेतांतून ते बगाड बैल ओढतात. थोड्या थोड्या अंतराने बैल बदलतात, आणि बैल जोडला जाणं हा त्या घराचा मान असतो. वर्षभर खाऊपिऊ घातलेली खिलारी जनावरं त्या दिवशी शिंगांना रंग लावून उभी असतात. "काशिनाथाचं चांगभलं!" अशी आरोळी उठली की अंगावर काटा येतो.

नव्या माणसाने इथे पाहुण्यासारखं वागावं. गाड्याच्या समोर आणि चाकांच्या जवळ अजिबात जाऊ नका. बैल बिथरला तर पळायला जागा नसते. बांधावरून, थोडं उंचावरून बघा. लहान मुलांना खांद्यावर नव्हे तर हाताला धरून ठेवा. शेतातून जाताना उभं पीक तुडवू नका. कोणाच्या घरी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नका, बावधनात त्या दिवशी घरोघरी पाहुण्यांसाठी चूल पेटलेली असते. माझ्या ओळखीच्या एका मावशींकडे मी तीन वर्षं सलग जेवले. चौथ्या वर्षी मी भाकरी थापायला लवकर गेले.

मांढरदेवीच्या काळूबाईचं मात्र वेगळं सांगते. पौष पौर्णिमेच्या यात्रेला प्रचंड गर्दी असते. 25 जानेवारी 2005 ला तिथे चेंगराचेंगरी होऊन जवळपास तीनशे माणसं गेली. तालुक्यातल्या लोकांना तो दिवस अजून आठवतो. दर्शनाची इच्छा असेल तर यात्रेचे दिवस सोडून जा. देवी वर्षभर तिथेच आहे.

पहिला पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये नदी ओळखू येत नाही. महाबळेश्वरला कोसळलेला पाऊस आणि धोमचं सोडलेलं पाणी, दोन्ही मिळून काही तासांत पायऱ्यांमागून पायऱ्या गिळतात. माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी स्कूटर घाटाच्या तोंडाशी लावून झोपले. जागा सपाट होती, सावली होती, रोज तिथेच लावायचे. पहाटे साडेतीनला दारावर थापा पडल्या. समोरच्या काकूंचा मुलगा आणि अजून दोघे गुडघाभर पाण्यातून माझी स्कूटर ढकलत वर आणत होते. मला कोणी फोन केला नव्हता, माझा नंबरच कोणाकडे नव्हता. कुणाची गाडी कुठे असते हे त्यांना माहीत होतं, एवढंच.

त्या दिवसापासून चार गोष्टी पाळते. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या तीन घरांत माझा नंबर देऊन ठेवते. पाणी सोडल्याची सूचना भोंग्यावरून आली की कामं टाकून गाडी वर नेते. पावसाळ्यात घाटावर पोहायला कोणी कितीही आग्रह केला तरी उतरायचं नाही. काठावर दिसणारं पाणी संथ असतं, आत ओढ असते. आणि पूर बघायला जायचं तर जुन्या माणसाबरोबर जायचं. कुठे उभं राहायचं आणि कुठे नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, शिवाय कोणत्या साली पाणी कुठल्या पायरीला, कुठल्या उंबऱ्याला लागलं होतं हे ते बोटाने दाखवतात.

इतिहास टिपून ठेवा, पण रीतीने

वर्ष-दीड वर्ष झालं, चार घरं ओळखीची झाली, की एक काम अंगावर घ्याच. वाई पडते आहे आणि नव्याने बांधली जाते आहे. वाड्यांच्या जागी इमारती येत आहेत. तो बदल आपल्यासारख्यांच्या घरांसाठीच होतो आहे, तेव्हा जाणाऱ्याची आठवण टिपणं आपल्याकडे येतं. सरदारांचं पुस्तकात आलं आहे. आळीतल्या तांबटाचं, शिंप्याचं, परटिणीचं, विधवांच्या पौरोहित्य करणाऱ्या मुलांचं, नदीवर पोहायला शिकवणाऱ्या मास्तरांचं कुठेच आलेलं नाही.

दुपारी चारनंतर जा, झोप झालेली असते. रिकाम्या हाताने जाऊ नका. दोन केळी, थोडी फुलं, काहीही चालतं. फोनवर आवाज टिपायचा असेल तर आधी विचारा आणि फोन उघड्यावर ठेवा, पदराआड नको. "तुमचा इतिहास सांगा" असं म्हटलं की कोणी बोलत नाही. "या घरात पाणी कुठून भरायचे?" असं विचारा. "पहिला दिवा कधी लागला?" "उत्सवात तुमच्या लहानपणी आचारी कोण असायचे?" असल्या प्रश्नाला माणूस उठून खिडकीशी जातो आणि बोटाने दाखवायला लागतो. जुने फोटो दाखवले तर तिथेच मोबाइलवर टिपून घ्या, मूळ फोटो घरी नेऊ नका. न्यावाच लागला तर वहीत लिहून, सही करून न्या आणि आठवड्याच्या आत परत द्या. फोटोच्या मागे कोण कोण आहे त्यांची नावं पेन्सिलीने लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे. ऐंशी-नव्वदीतल्या माणसाकडून हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका.

माझ्याशेजारी बसून वांगी चिरणाऱ्या त्या आजींकडे मी तीन वेळा गेले. चौथ्या खेपेसाठी प्रश्न लिहून ठेवले होते. त्या वहीच्या पानावर त्यांनी सांगितलेल्या वाड्याचा नकाशा आहे: दरवाजा पूर्वेला, विहीर उजव्या हाताला, तुळस मध्ये, आणि मागच्या दारातून नदीवर उतरणाऱ्या एकोणीस पायऱ्या. आता जाऊन मोजल्या तर अकराच सापडतात. बाकीच्या आमच्या इमारतीच्या कुंपणाखाली आहेत.